चांदव्याच्या वरची खोली

वृद्धाश्रम हा शब्द अध्यक्षांनी असा उच्चारला, जणू बहिणीसाठी सहलीचं तिकीट काढून आणलंय.

"स्वच्छ आहे, हवेशीर आहे. मागे बाग आहे. मी स्वतः जाऊन बघून आलोय."

रविवारची दुपार होती. खालच्या गुरुद्वाऱ्यात लंगरची शेवटची पंगत नुकतीच उठली होती आणि भांडी घासल्याचा खणखणाट खिडकीतून वर येत होता. वरच्या मजल्यावर, घराच्या बैठकीत, अध्यक्षांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. थोरले म्हणून घरात त्यांचा शब्द चाले आणि समितीचे अध्यक्ष म्हणून खालीही चाले. हे अध्यक्षपण इतकं मुरलं होतं की बायकोसुद्धा त्यांच्या माघारी त्यांना अध्यक्षच म्हणे. शेजारी धाकटे भाऊ बसले होते. टायरच्या दुकानात ते गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालत, पण थोरल्यासमोर मान हलवण्यापलीकडे काही करत नसत, म्हणून सगळे त्यांना होयबा म्हणत. आणि दाराजवळच्या स्टुलावर, गुडघ्यावर हात ठेवून, जिचा निकाल लागायचा होता ती आत्या. दोघा भावांच्या मधली बहीण.

निकालाचं कारण साधं होतं. लंगरचं स्वयंपाकघर अपुरं पडत होतं, ते वाढवायचं तर जोडेघराला लागून असलेली आत्याची खोली पाडावी लागणार होती. गुरुद्वाऱ्यात येणारे लोक ज्या खिडकीत आपले जोडे काढून देतात, तिच्या मागे ती खोली. एक बाज, एक ट्रंक आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चामड्याचा वास. आत्या ऐन तरुणपणी माहेरी परत आली तेव्हापासून तिथेच राहिली होती. जोडे घ्यायचे, खणाच्या नंबरचा बिल्ला द्यायचा, चिखल लागला असेल तर जोडे पुसून ठेवायचे.

"तिला तिथे सोबत मिळेल," अध्यक्ष म्हणाले. "डॉक्टर येतो. काय रे?"

"हो, डॉक्टर येतो," होयबा म्हणाले.

अध्यक्षांच्या सुनेचा चहा कपातच निवला होता. ती विजेची कामं करायची, चौकात तिचं स्वतःचं छोटं दुकान होतं, आणि या घरात येऊन तिला फार काळ झाला नव्हता. गेला आठवडाभर ती एक गोष्ट मनात धरून होती. नवऱ्याला तिने सांगितली तेव्हा तो बसची पाळी संपवून आला होता आणि जेवत होता. त्याने घास तसाच हातात धरला, मग म्हणाला, "तू यात तोंड घालू नकोस. बाबांना मी ओळखतो." आत्ताही तो खिडकीपाशी उभा राहून तिच्याकडे तेच सांगणाऱ्या डोळ्यांनी बघत होता.

तिने तोंड घातलं.

"बाबा, वर बंद खोली आहे की. आत्यांना ती द्या."

 अध्यक्ष हसले. न समजणाऱ्या पोराकडे बघून हसावं तसे.

"तू नवीन आहेस, म्हणून विचारलंस. त्या खोलीत आपल्यापैकी कुणी पाऊल टाकत नाही."

"का?"

"का?" त्यांनी आवाज लावला. वर्षातून एकदा खाली, जमलेल्या सगळ्या संगतीसमोर ते जे भाषण करत, त्याचा तो आवाज होता. "ही वास्तू म्हणजे काय ते माहीत आहे का तुला? माझे वडील खोकी ठोकायचे. फळांची, साबणाची, काय वाट्टेल त्याची. गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, आम्ही पोरंही मिस्त्रीच म्हणायचो. मालधक्क्यावर आपली कितीतरी माणसं राबत होती, आणि चार जणांनी मिळून गुरूपुढे बसायचं म्हटलं तर जागा नव्हती. भाड्याने कुणी देत नव्हतं. मिस्त्रींनी यंत्रं एका कडेला सारली, भुसा झाडून काढला, खोक्यांच्याच फळ्या रंधून आसन केलं आणि त्यावर गुरू ग्रंथ साहिब आणले. पहिला लंगर तेलाच्या डब्यात शिजला. नंतर पक्कं बांधलं तेव्हा चारी भिंतींना चार दारं ठेवली. शेजारचा म्हणाला, मिस्त्री, चोर शिरतील. हे म्हणाले, शिरू दे, जेवून जातील."

हे भाषण घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं. तरीही ते ऐकताना होयबांचा ऊर भरून आला, नेहमीसारखाच.

"चार दारं कशासाठी?" आत्याने स्टुलावरून विचारलं.

"कुणीही, कुठूनही यावं म्हणून," अध्यक्ष ओघात म्हणाले.

"मग वरच्या जिन्याला एकच दार का, दादा?"

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "आणि वर घर बांधलं तेव्हा," ते सुनेकडे वळून म्हणाले, "खालच्या आसनाच्या बरोबर वर जी खोली येते, ती मिस्त्रींनी मोकळी ठेवली. स्वतः कुलूप घातलं. गुरूंच्या डोक्यावर आपली बाज, आपले पाय, आपली भांडणं नकोत. बापाचा शब्द आहे तो. आम्ही अडचणीत राहिलो, पोरं बैठकीत झोपली, पण ते कुलूप काढलं नाही. कळलं?"

"हो, अगदी," होयबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आत्या दिसली.

काल संध्याकाळी ती त्यांच्या टायरच्या दुकानावर आली होती. गुडघे धरत, एकटी. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर थांबली, आणि मग म्हणाली होती, "उद्या माझ्यासाठी एक शब्द टाकशील? एकच. मला गुरूच्या घराबाहेर काढू नका म्हणावं. कोपरा द्या, पण इथलाच." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं होतं, काळजी करू नकोस ताई, मी बसलोय ना. आणि आता बसले होतेच. अध्यक्षांच्या शेजारी, त्यांच्याच बिस्किटांच्या बशीतलं बिस्कीट खात. लहानपणी याच ताईने त्यांना कडेवर घेऊन मिस्त्रींच्या माराच्या टप्प्याबाहेर नेलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"दादा, मी काय म्हणतो..."

"काय?"

"नाही, म्हणजे... बाग मोठी आहे का तिथे?"

आत्याने मान फिरवली. होयबांना स्वतःचीच लाज वाटली आणि ती गिळायला त्यांनी आणखी एक बिस्कीट उचललं.

ते पाहून सुनेचं डोकंच फिरलं. "चांदवा कुठे आहे, बाबा?" ती एकदम म्हणाली.

"काय?"

"खाली गुरू ग्रंथ साहिबांवर चांदवा आहे ना, छताला टांगलेला. तो कुठे आहे?"

"तो काय प्रश्न झाला? आसनावर."

"आणि आसन कुठे आहे?"

नवरा खिडकीपाशी हळूच म्हणाला, "पुरे."

"नाही पुरे." सून उठून उभी राहिली. "गेल्या आठवड्यात तुमच्या पलंगामागच्या बटणातून ठिणगी उडाली म्हणून तुम्हीच मला बोलावलंत. मी कामाला लागले तेव्हा तुम्ही आणि आई दवाखान्यात गेला होतात. पलंग ओढला, सतरंजी उचलली, तर जमिनीतून चार बोल्ट वर आलेले. जाड, नट आवळलेले. मला वाटलं, खाली काय जड टांगलंय बघावं, नाहीतर भिंतीत ड्रिल मारताना घोटाळा व्हायचा. खाली गेले. हॉलमध्ये जाऊन डोकं टेकलं, वर पाहिलं. चांदव्याच्या चार साखळ्या, बाबा. चांदव्याच्या! तुमच्या पलंगाच्या चार पायांमध्ये."

"काहीतरी बरळू नकोस."

"बंद खोलीच्या खाली काय आहे माहीत आहे? मी तेही पाहिलं. खाली उत्तरेचं दार आहे आणि चटया रचून ठेवायची जागा आहे. तुम्ही इतकी वर्षं चटयांच्या वरची खोली राखलीत."



या घराचा जिना मागच्या अंगणातून वर येतो आणि दोनदा वळतो. वर आल्यावर खालचं कोणतं टोक कुठे गेलं याचा माणसाला पत्ता राहत नाही, आणि कुणी ठेवलाही नव्हता. मिस्त्री गेल्यानंतर घराच्या दुसऱ्या टोकाखालचं खोक्यांचं जुनं शेड हॉलला जोडून घेतलं, हॉल दुप्पट लांब झाला, आणि आसन पार पलीकडच्या नव्या भिंतीशी गेलं. संगत वाढली म्हणून सगळे खूश होते. वर कुलूप होतं तिथेच राहिलं. कुलूप दिसलं की घरातली माणसं आवाज खाली आणत, पोरं पळायची थांबत, नव्या सुना नमस्कार करत. एवढा भक्तिभाव, आणि त्याच्या खाली चटया!

"दादा," होयबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मान हलवली नव्हती. "शेड जोडलं ते काम तूच करून घेतलंस ना?"

"समितीने केलं."

"समिती म्हणजे तू. बोल्ट आवळायला गवंडी वर आला असेल. तुझ्याच खोलीत आला असेल. तुला दिसला नाही?"

"त्या गडबडीत कोण काय बघतंय! आणि तू मला विचारतोस? तू? चार टायर विकले म्हणून तोंड फुटलं का तुला?"

"दिसला होता."

हे अध्यक्षांची बायको म्हणाली. ती चहाची किटली घेऊन आतल्या दारात उभी होती, आणि किटली तिने तशीच धरली होती. तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं तसा तिचा आवाज चढत गेला.

"दिसला होता. मीही होते तिथे. गवंडी म्हणाला, मालक, पलंग कायमचा हलवावा लागेल, इथे आता कुणी राहणार नाही ना? हे म्हणाले, तू नट आवळ. तो गेल्यावर मी म्हटलं, आता ही खोली मोकळी करूया आणि ती उघडूया. तर म्हणाले, त्या खोलीला खिडकी रस्त्यावर, इथे गच्ची. गच्चीची खोली मी सोडू? कुणाला कळतंय? वर सतरंजी टाक. मी टाकली.  दर साफसफाईला तीच सतरंजी मी झटकते, आणि ते चार नट मला दिसतात, आणि मी पुन्हा टाकते. झोप लागत नाही हो मला त्या पलंगावर! सगळ्यांना वाटतं संधिवात आहे."

"तू आत जा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही जात."

 आत्या हिशेब करत होती, पण दिवसांचा नव्हे. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, एवढाच. आधी शेड जोडलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती ट्रंक घेऊन या जिन्याने वर आली होती. ओठ फाटलेला, एका कानाने ऐकू येत नव्हतं. तिने बंद खोलीकडे बोट दाखवून दादाला विचारलं होतं, आणि दादाने हात जोडून, डोळे मिटून सांगितलं होतं, बाई, ती माझी असती तर आत्ता दिली असती, पण ती गुरूची आहे.

आणि तिला ते पटलं होतं. पटलं होतं एवढंच नाही, तिला त्याचा आधार वाटला होता. जोडेघरामागे कुबट हवेत पडल्या पडल्या ती स्वतःला सांगायची, मला जागा मिळाली नाही ती गुरूसाठी. आपल्या वाट्याची जागा आपण गुरूला दिली. लोकांचे जोडे पुसताना तिला वाटायचं, असू दे, आपलंही काहीतरी देणं होतंय. एवढ्यावर तिने आयुष्य काढलं होतं.

ती उठली. गुडघे कडकडले ते सगळ्यांना ऐकू आलं.

"दादा, तू मला खोली दिली नाहीस याचा मला राग नाही."

"हे बघ, तेव्हा परिस्थिती..."

"गप्प बस! मी बोलतेय. तू म्हणाला असतास, तू नवरा सोडून आलीस, तुझी मला लाज वाटते, वर राहू नकोस. तरी मी जोडेघरातच राहिले असते. शिव्या घातल्या असत्या तुला, पण राहिले असते. गच्ची सोडवत नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं. पण तू गुरूचं नाव पुढे केलंस. ज्याच्या दारात कुणाला नाही म्हणत नाहीत, त्याच्या नावाने मला नाही म्हणालास!"

"आवाज खाली कर. खाली संगत आहे."

"असू दे! संगतीला कळू दे. संपाच्या वर्षी मी लहान होते, पोळ्या लाटायला बसले होते खाली. कारखान्याचे मजूर आले आणि त्यांना दांडक्यांनी मारणारे पहारेकरीही आले. दोघंही उपाशी. मिस्त्रींनी त्यांना एकाच ओळीत बसवलं, मांडीला मांडी लावून. एक मजूर उठायला लागला तर म्हणाले, बस खाली, इथे भांडायला मनाई नाही, उठायला मनाई आहे. त्या माणसाचा मुलगा तू! तू दरवर्षी त्याचं भाषण करतोस. गळ्यात हार घालून घेतोस. आणि रात्री त्याच्या गुरूच्या डोक्यावर पाय पसरून घोरतोस."

अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "माझ्या घरात उभी राहून मला..."

"कुठलं तुझं घर? कुठली खोली तुझी, सांग मला."

खिडकीपाशी उभा असलेला मुलगा पुढे आला. बापाला वाटलं, हा आत्याला आवरायला येतोय. तो बापासमोरून गेला, सुनेसमोरून गेला, आणि बापाच्या खोलीत शिरला. सतरंजी ओढल्याचा आवाज आला. 

तो दारात येऊन उभा राहिला. "आत्या," तो म्हणाला, "कुलूप या खोलीला पाहिजे."

"किल्ली तुझ्या बापाच्या कमरेला आहे."

मुलाने हात पुढे केला. अध्यक्षांनी त्या हाताकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. होयबांनी मान हलवली, पण या वेळी आडवी. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने किटली खाली ठेवली होती आणि ती नणंदेच्या कोपराला हात देऊन उभी होती.

"मी ताईंबरोबर झोपेन," ती म्हणाली. "त्या बंद खोलीत. दोन बाजा मावतात. यांचं यांनी बघावं."

अध्यक्षांनी किल्ल्यांचा जुडगा सोडवला आणि जमिनीवर आपटला.

"घ्या! सगळं घ्या! बापाची शान मी राखली. तुम्ही कुणी काय केलंत? समितीत कुत्र्यासारखा राबलो मी!"

 सुनेने वाकून जुडगा उचलला आणि आत्याच्या हातात दिला. अध्यक्ष जोडे पायात सरकवून तडातड जिना उतरले. दोन्ही वळणांवर कठड्याला हात आपटत, मोठ्याने बोलत. अंगणात कुणी नव्हतं, तरी ते बोलत होते. कृतघ्न. सगळे कृतघ्न. कालची आलेली पोरगी पलंगाखाली डोकावते आणि घर तिच्यामागे जातं!

हॉलच्या दारापाशी ते आले आणि थांबले. आत, लांब टोकाला, चांदवा दिसत होता. चार साखळ्या छतात गेलेल्या. रोज पहाटे याच दारातून ते पहिले आत जात, सगळ्यात पुढे बसत. आज पाय उचलेना. आत दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं, कारण अध्यक्षांच्या पायात अजून जोडे होते.

ते मागे सरले. शेजारीच जोडेघराचं दार होतं, आणि उघडं होतं, म्हणून ते आत गेले. उकाडा होता. आत्याच्या बाजेवर घडी घातलेली चादर होती. ते बसले तर गुडघे समोरच्या रॅकला लागले. इथे माणूस पाय लांब करून बसूही शकत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. या खोलीत ते कधी आलेच नव्हते.

तेवढ्यात वर काहीतरी घासत गेलं. जड, लाकडी. थांबलं, पुन्हा घासलं. त्यांचा पलंग होता. मुलगा एका टोकाला असणार, दुसऱ्या टोकाला कोण असेल? होयबा असेल. अध्यक्षांना शिवी हासडावीशी वाटली, पण भिंतीपलीकडे गुरू ग्रंथ साहिब होते, म्हणून त्यांनी ती दातांखाली धरली.

खिडकीतून एक हात आत आला. हातात चिखलाने भरलेले बूट.

"बाई नाहीत का आज?" बाहेरचा माणूस म्हणाला. कामावरून थेट आलेला दिसत होता, कपड्यांवर सिमेंट होतं. "लंगर संपला नाही ना हो?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले. पंगत उठली होती, पण या दारात ते म्हणायचं नसतं, एवढं त्यांना अजून आठवत होतं. "बसा जाऊन. वाढतील."

त्यांनी बूट घेतले. चिखल त्यांच्या बाहीला लागला. रॅकला वरपासून खालपर्यंत खण होते, आणि कोणत्या खणाला कोणता बिल्ला, बिल्ले कुठे ठेवतात, हे काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. माणूस खिडकीत हात पसरून वाट बघत होता.

"बिल्ला द्या की."

"थांबा," अध्यक्ष चिडून म्हणाले, आणि बूट छातीशी धरून बिल्ले शोधू लागले.